चिलखत, सहा हजार फक्त

हेल्मेट ही डोक्यात घालायची वस्तू आहे असं समजणारा माणूस बदलापुरात दिसला, तर तो नक्की बाहेरगावचा. इथे ते कोपराला अडकवतात. काही जण पेट्रोलच्या टाकीवर ठेवतात, म्हणजे टाकीच्या जिवाला धोका राहत नाही. काही जण आरशाला लटकवतात. मग मागचं दिसत नाही, पण मागे बघायचं कुणाला असतं? लोकल पुढे असते. संध्याकाळी तेच हेल्मेट उलटं होतं आणि त्यातून अर्धा किलो वांगी, कोथिंबिरीची जुडी आणि सहा अंडी घरी येतात. अंडी कधीच फुटत नाहीत. आतला थर्माकोल आपलं काम चोख करतो हे बदलापूरकरांनी अंड्यांवर सिद्ध केलेलं आहे. डोक्यावर प्रयोग करायचं तेवढं राहून गेलं.

मीही याच संप्रदायातला. घर ते स्टेशन दोन किलोमीटर, आणि "एवढ्याशासाठी कशाला?" हे आमचं ब्रीदवाक्य. पण सत्तेचाळिसाव्या वर्षी मी साडेतीनशे सीसीची गाडी घेतली आणि सगळं बिघडलं. पोराचं कॉलेज मार्गी लागलं होतं, घराचे हप्ते संपत आले होते, आणि माळशेज घाट आम्हाला मुरबाडमार्गे कायम खुणावत असतो. बायको एवढंच म्हणाली, "अहो, आवाज जरा मोठा आहे हो हिचा." गाडीबद्दल बोलत होती की माझ्याबद्दल, ते मी विचारलं नाही.

खरी अडचण मेव्हण्याने आणली. तो दर रविवारी पहाटे चारला उठून, दीडशे किलोमीटर जाऊन, मिसळ खाऊन परत येणाऱ्यांपैकी आहे. गाडीला हार घालून होतो न होतो तोच म्हणाला, "दाजी, गाडी झाली. आता गियर घ्या."

"पाच आहेत की."

"रायडिंग गियर, दाजी. जॅकेट, ग्लोव्हज, बूट, गुडघ्याचे गार्ड, पाठीचा प्रोटेक्टर."

त्याने मोबाइलवर यादी दाखवली. त्यात इटलीची अल्पाइनस्टार्स होती, डायनीजी होती, आपल्या मुंबईची रायनॉक्सही होती. बेरीज केली, तर तेवढ्यात माझी पहिली स्कूटर दोनदा आली असती. मी कुरकुरलो तसा तो गंभीर झाला. "दाजी, सोललेली कातडी तशीच परत येत नाही."

"कातडी येते रे," मी म्हणालो, "पगार परत येत नाही."

अखेर गृहमंत्र्यांनीच अर्थखातंही सांभाळून सहा हजार मंजूर केले. हेल्मेट, जॅकेट, ग्लोव्हज आणि गुडघे, सगळं त्यात बसवायचं. एवढ्या पैशात एवढं सगळं मिळण्याची जागा आमच्याकडे एकच. अंबरनाथ सोडून पुढचं स्टेशन.

उल्हासनगरबद्दल लोक काहीही बोलोत, मला त्या गावाचा आदर वाटतो. फाळणीनंतर सिंध सोडून आलेल्या माणसांना कल्याणजवळच्या रिकाम्या लष्करी छावणीत आणून ठेवलं. ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते गावाचं नामकरण झालं. पत्ता मात्र अजून छावणीचाच आहे, कॅम्प एक ते कॅम्प पाच. हाती काही नसताना आलेल्या त्या माणसांनी पापडापासून पँटपर्यंत सगळं बनवून दाखवलं. 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद आमच्या लाइनवर प्रत्येकाने एकदा तरी ऐकलेला असतो, आणि तो सगळ्यांत झकास सांगतात ते उल्हासनगरवालेच.

दुकान सीट कव्हर आणि हॉर्नचं होतं. मागच्या भिंतीवर जॅकेटं अशी टांगली होती की एक पलटण आंघोळीला गेली असावी. मी एक काढून घेतलं. काळं, खांद्यावर लाल पट्टे, छातीवर इंग्रजी अक्षरांत कुठल्यातरी शर्यतीचं नाव. आरशात मी स्वतःलाच ओळखलं नाही, आणि खरेदीचा निम्मा निर्णय तिथेच झाला.

"सर्टिफाइड आहे ना?" मी मेव्हण्याने शिकवलेला प्रश्न टाकला.

"साईं, हे बघा ना." दुकानदारांनी कॉलर उलटली. "सीई."

"सीई म्हणजे?"

दुकानदार क्षणभर थांबले. "कम्फर्ट एक्स्ट्रा."

"आणि पडलो तर?"

"साईं," ते कळवळून म्हणाले, "पडताच कशाला?"

सुरक्षेवर इतका मूलगामी विचार मी दुसऱ्या कुणाकडून ऐकलेला नाही. जॅकेट तीन हजार, हेल्मेट सोळाशे, ग्लोव्हज साडेसहाशे, गुडघ्याचे गार्ड साडेसातशे. बरोबर सहा हजार. जॅकेट एक साइज मोठं घेतलं. थंडीत आत स्वेटर मावेल, हा माझा हिशोब. सत्तेचाळिसाव्या वर्षी वाढत्या अंगाचे कपडे घेणारा मीच असेन. पण लहानपणी आईने शाळेचा गणवेश घेताना लावलेली सवय जात नाही.

संध्याकाळी मेव्हणा तपासणीला आला. त्याने जॅकेटचा रंग पाहिला नाही, पट्टे पाहिले नाहीत. सरळ बाहीच्या आत हात घातला, अस्तरातला खिसा चाचपला आणि कोपराचा पॅड बाहेर ओढला. काळा, मऊ, अर्ध्या इंचाचा.

"दाजी, हा चपलेचा तळवा आहे."

मग त्याने शिकवणी घेतली. सीई म्हणजे युरोपच्या नियमांत बसल्याची खूण, पण नुसती दोन अक्षरं कुणीही छापतं. खऱ्या पॅडवर त्यांच्या सोबत एक नंबर कोरलेला असतो. कोपर, खांदा, गुडघा यांच्यासाठी ईएन १६२१-१, पाठीसाठी ईएन १६२१-२. परीक्षा तशी गावठीच असते. पॅड ऐरणीवर ठेवतात, पाच किलोचं वजन साधारण एक मीटरवरून त्यावर सोडतात आणि खाली किती जोर पोचला ते मोजतात. कोपर-गुडघ्याच्या पॅडखाली सरासरी ३५ किलोन्यूटनच्या आत राहिला तर लेव्हल वन, वीसच्या आत राहिला तर लेव्हल टू.

पाच किलो म्हणजे आमच्याकडे आईचा वरवंटा. किलोन्यूटन मोजायचं यंत्र नव्हतं, ग्लुकोज बिस्किटं होती. दुकानचा पॅड फरशीवर, त्याखाली बिस्किट, आणि टेबलाच्या उंचीवरून वरवंटा. बिस्किटाचा जो भुगा झाला तो चहातसुद्धा चालला नसता. मग मेव्हण्याने आपल्या जॅकेटातला लेव्हल टूचा पॅड काढला. पुन्हा बिस्किट, पुन्हा वरवंटा. बिस्किटाचे तीन तुकडे झाले. म्हणजे जखमी झालं, पण नातेवाइकांना ओळख पटवता आली असती. आतून आई ओरडली, "फरशी फुटली तर तिच्याखाली तुम्हा दोघांना ठेवीन!"

त्या रात्री मला झोप लागेना. डोळ्यांसमोर चौथीचं इतिहासाचं पुस्तक येत होतं. १० नोव्हेंबर १६५९, प्रतापगडाचा पायथा. महाराज खानाच्या भेटीला निघाले तेव्हा अंगरख्याच्या आत चिलखत होतं आणि मंदिलाखाली लोखंडी टोप. बाहेरून दिसत होता तो साधा पोशाख. खानाचा वार आला आणि चिलखतावर खरखरून गेला. चिलखत आत होतं, आणि खरं होतं. माझ्या जॅकेटचं अगदी उलट. सगळं चिलखत बाहेर, रंगात आणि पट्ट्यांत, आणि आत चपलेचा तळवा. सुरक्षा नेमकी तिथे असते जिथे फोटो निघत नाही, आणि स्वस्तातला माल पैसे वाचवतो तेही तिथेच.

मेव्हण्याने मात्र जॅकेट टाकू दिलं नाही. "कापड ठीक आहे, दाजी. आतला माल बदलू." त्याच्याकडे जुने, पण नंबरवाले पॅड होते, ते कोपरांत आणि खांद्यांत बसले. असे पॅड सुटे विकतही मिळतात. स्वस्त जॅकेटवाल्याला यापेक्षा मोलाची गोष्ट कुणी सांगत नाही. दुकानदार तर नाहीच.

मग आला मे. बदलापूरचा मे म्हणजे काय ते मुंबईच्या लोकांना बातम्यांतून कळतं. पारा ४२ च्या वर गेला की आमचं नाव झळकतं, आणि आम्हाला त्याचा एक विचित्र अभिमानही वाटतो. अशा एका दुपारी मी पूर्ण सज्ज होऊन खाली उतरलो. आईने दृष्ट काढली. वॉचमनने विचारलं, "साहेब, बॉर्डरवर?" कोपऱ्यावरच्या पोरांनी घेराव घातला. "काका, आमचा पिझ्झा आणला?" त्यांच्या मुलखात असा पोशाख फक्त पार्सलवाले करतात, आणि खरं तर शहाणपण त्यांनाच आहे. दिवसाचे दहा तास रस्त्यावर काढणाऱ्याला "एवढ्याशासाठी कशाला" परवडत नाही.

पूर्व आणि पश्चिम जोडणाऱ्या उड्डाणपुलावर नेहमीप्रमाणे कोंडी होती. वीस मिनिटं मी चिलखतात उभा राहिलो. आत काय झालं ते सांगत नाही, एवढंच सांगतो की कुकरच्या तिसऱ्या शिटीनंतर बटाट्याला काय वाटत असेल ते मला कळलं. शेजारच्या स्कूटरवर बनियन आणि बरमुडा घातलेले एक आजोबा माझ्याकडे करुणेने बघत होते.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये मोटोकॅप नावाचा सरकारी पाठबळावर चालणारा उपक्रम आहे, २०१८ पासून. तो दुकानांतून जॅकेटं विकत आणतो, प्रयोगशाळेत घासतो, ठोकतो आणि तारे देतो. मला आवडलं ते हे की सुरक्षेचे तारे वेगळे आणि उकाड्यातल्या सोयीचे वेगळे. त्या माणसांनी बदलापूरचा उड्डाणपूल पाहिलेला नाही, तरी मुद्दा त्यांना कळला. जे घामाने अंगावर टिकत नाही ते अपघातात अंगावर नसतं. आपल्याकडे जाळीचं जॅकेटच खरं. जाळी डांबरावर टिकायला कमी, पण कपाटातल्या कातडी जॅकेटपेक्षा जास्त.

जुलैत आम्ही माळशेजला निघालो. मुरबाड तालुक्यात भाताची लावणी चालू होती. चिखलणी करून आलेले ट्रॅक्टर रस्त्यावरून जात होते आणि चाकांचा चिखल डांबरावर दोन समांतर पट्ट्यांत सोडत होते. वर भुरभुर पाऊस. एका वळणावर पुढचं चाक त्या चिखलावर आलं आणि गाडीने माझा सल्ला न घेता आडवं व्हायचं ठरवलं. वेग तीस असेल, फार तर पस्तीस. मी आठ-दहा फूट घसरलो आणि एका शेताच्या बांधाजवळ थांबलो. लावणी करणाऱ्या बायकांनी माना वर केल्या. एक मावशी म्हणाली, "लागलं का रं बाबा?" मी म्हटलं, "बघतो." आणि खरोखर बघितलं, कारण सहा हजारांचा हिशोब लागायचा होता.

ग्लोव्हज: पहिला नंबर. पडणारा माणूस आधी हात पुढे करतो, हे त्याच्या हातात नसतं. तळव्याचं कातडं घासून पांढरं झालं होतं, आतला तळवा जसाच्या तसा. साडेसहाशे रुपयांत मी पुढचे पंधरा दिवस स्वतःच्या हाताने जेवलो.

हेल्मेट: हनुवटीपाशी लांब ओरखडा आणि बाजूला एक टेंगूळ. माझी हनुवटी शाबूत. मात्र हेल्मेटचा थर्माकोल एकदाच दबतो, पुन्हा फुगत नाही. म्हणून ते निवृत्त केलं. आता त्यात फक्त अंडी येतात.

जॅकेट: पॅड खरा होता, पण तो कोपरावर नव्हता. एक साइज मोठ्या बाहीत तो फिरून दंडाच्या आतल्या बाजूला गेला होता आणि तिथल्या मांसाचं चोख रक्षण करत होता, जिथे काहीच होणार नव्हतं. कोपर सोललं. खांद्याची शिवणही उसवली, कारण शिवण एकेरी होती. स्वेटर मावणार होता, तो अजून मावलेला नाही.

गुडघ्याचे गार्ड: इलॅस्टिकला पहिल्या पावसातच वैराग्य आलं होतं. दोन्ही गार्ड घसरून घोट्यापाशी बसले होते, शाळेतल्या मोज्यांसारखे.

जीन्स: तीही उल्हासनगरची. उजवा गुडघा गायब. साधं डेनिम डांबरावर एक सेकंदही तग धरत नाही. कारखान्यात जीन्स जुनी दिसावी म्हणून सँडपेपरने घासतात, तेच काम मुरबाडच्या रस्त्याने फुकट करून दिलं. घरी आल्यावर पोरगा म्हणाला, "बाबा, आत्ता कुठे तुमची पँट फॅशनमध्ये आली."

एवढं होऊनही मी स्वतःला भाग्यवान म्हणवतो. कॅनबेरात २१२ अपघातग्रस्त मोटारसायकलस्वारांचा अभ्यास झाला, तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात खास मोटारसायकलसाठी म्हणून विकलेल्या जॅकेटांपैकी जवळजवळ तीस टक्के फाटली किंवा उसवली होती. तिथल्या भावाचा माल, आणि तरी ही गत. पण त्याच अभ्यासात असंही दिसलं की पॅडवालं जॅकेट आणि ग्लोव्हज घातलेल्यांना इजा स्पष्टपणे कमी झाली. शिवण उसवली तरी तिने आपला एक सेकंद दिलेला असतो.

किमतीचं म्हणाल, तर ब्रिटनमध्ये शार्प नावाची सरकारी योजना हेल्मेटं बाजारातून आणून ठोकते आणि तारे देते. तिच्या यादीत स्वस्त हेल्मेटं पाच ताऱ्यांची निघालेली आहेत आणि महागडी त्याहून खालची. जास्त पैसे जातात ते हलकेपणाला, वाऱ्याच्या खिडक्यांना आणि रंगाला. स्वस्त म्हणजे वाईट नव्हे, खोटं ते वाईट. रस्त्याच्या कडेला चादर पसरून अडीचशेला विकतात त्या हेल्मेटवरही आयएसआयचा स्टिकर असतो, पण तो माझ्या पोराच्या वहीवरही लावता येईल. १ जून २०२१ पासून आयएसआय नसलेलं दुचाकीचं हेल्मेट बनवणं आणि विकणं हाच गुन्हा आहे. खऱ्या शिक्क्यासोबत लायसन्सचा नंबर असतो आणि तो बीआयएस केअर या सरकारी ॲपवर टाकून बघता येतो. खरा माल फार दूरही नाही, बेळगावात वेगा कंपनीची हेल्मेटं बनतात. बेळगाव कुणाचं हा खटला २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, पण हेल्मेट दोन्ही राज्यांच्या डोक्यांना बसतं.

राहता राहिलं ते आमचं ब्रीदवाक्य, "एवढ्याशासाठी कशाला." लॉरेन्स ऑफ अरेबिया नावाने गाजलेला इंग्रज अधिकारी वाळवंटातल्या लढायांतून जिवंत परतला आणि १९३५ मध्ये इंग्लंडात आपल्या घराजवळच, सायकलवरच्या दोन पोरांना वाचवताना मोटारसायकलवरून पडला. डोक्यात काही नव्हतं. सहा दिवसांनी गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचा मेंदूचा सर्जन होता. त्याने पुढे याच विषयाचा पिच्छा पुरवला आणि १९४१ मध्ये ब्रिटिश लष्कराने आपल्या मोटारसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. आणखी एक आकडा. युरोपच्या परीक्षेत हेल्मेट ऐरणीवर आपटतात तो मुख्य वेग वर्षानुवर्षं सेकंदाला साडेसात मीटर राहिला, म्हणजे ताशी २७ किलोमीटर. हा वेग माळशेजचा नव्हे. आमच्या घरापासून स्टेशनपर्यंत जाण्याचा आहे.

तेव्हा सहा हजारच असतील तर माझा हिशोब असा. आधी हेल्मेट. डोक्याला घट्ट, पट्टा हनुवटीखाली बांधलेला, नंबर तपासलेला. मग ग्लोव्हज. मग घोटा झाकणारे बूट, जे घ्यायचे मला सुचलेच नाहीत. मग सुटे, नंबरवाले पॅड. आणि उरले तर जॅकेट, स्वतःच्या मापाचं, दुहेरी शिवणीचं, जाळीचं. स्वेटर वेगळा घ्या.

आणि दुकानात गेलात की आरशासमोर उभं राहण्याआधी बाहीत हात घाला. आत काय आहे ते चाचपून बघा. दुकानदार विचारेल, "साईं, काय शोधताय?" सांगा, चिलखत शोधतोय.